वांग्याच्या वाफ्यातलं अपील

हायकोर्टाच्या जजाले मी पयल्याच भेटीत गाढव म्हणलो. अन वरून तासभर वांगे लावाचा धडा देल्ला. हे मी फुशारकी म्हून नाही सांगून राह्यलो. मले शाया नाही. मी बोलतो अन माही पोट्टी लिवून घेते. ते आत्ताच म्हणे, "बाबा, सुरुवात तरी चांगली करा." म्हणलं, लिव तू, जे झालं ते झालं.

त्या दिवशी कारंज्याच्या भाजी बजारात सकायची हर्राशी आटपली. माल इकून, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन मी घराकडं निघालो. माहं वावर गावाच्या अंगालेच हाये, पायी जाता येते. रस्त्यात एक नवं घर झालं होतं. त्याच्या आंगनात एक म्हातारा उकिडवा बसेल. आंगात बंडी, पायजमा गुडघ्यावर, अन भर उन्हात वांग्याचे रोपं लावून राह्यला होता. तेबी कसे? मुठीमुठीवर. जीपमधी मधल्या शिटावर सहा जन कोंबते ना, तसे.

मले राह्यवलं नाही. फाटकातूनच वरडलो, "अबे बुढ्या, कोनी शिकवलं तुले वांगे लावाले?"

"कोनीच नाही," म्हातारा म्हणे. "माह्यं मीच शिकलो."

"मंग तुह्यासारखा गाढव तूच," म्हणलो, अन फाटक उघडून आत गेलो.

अर्धे रोपं उपटले. "वांग्याले हातभर जागा पाह्यजे. आज टिचभर हाये म्हून जलमभर टिचभर राह्यन का? तुले लेकरं नाही का? वाढते ना ते? अन उन्हात कोन लावते? ऊन कललं का लाव, मंग पानी दे." म्हातारा नुसता "हो, हो" करे. एकदा म्हणे, "हे लिवून ठेवू काय?" म्हणलं, "लिवून वांगे येत नाहीत, बुढ्या."

तेवढ्यात फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी राह्यली. त्यातून काया कोटातला वकील उतरला अन त्यानं माह्या बुढ्याच्या चिखलाच्या पायाले हात लावले. म्हणे, "सर, नागपूरवरून आलो." मी डायव्हरले हळूच इचारलं, "कोन व्हय हे?"

"हायकोर्टाचे जज होते. अपिलं ऐकत. तुमाले माहीत नाही?"

मले एवढंच समजलं का आता आपल्याले बेड्या पडते. टोपली डोक्यावर घातली, ते डोयावर आली, अन पयालो तर फाटकाकडं नाही, तुयशीच्या ओट्यावर जाऊन आपटलो. मांगून आवाज आला, एकदम आपल्या बोलीत, "काहून बे, पयतं कायले? अर्धा वाफा राह्यला ना!"

त्या दिवसापासून सात-आठ साल मी त्या घरी गेलो. साहेब जाऊन आता दोन साल झाले. लोकं मले इचारते, एवढ्या मोठ्या मानसासंग तुह्यं काय जमे? मलेबी नाही माहीत. तो जजाच्या खुर्चीत बसेल मानूस, अन मी खडी गमतीतला, म्हंजे गावोगावच्या तमाशातला, सोंगाड्या. शायेत एकच दिस गेलो. मास्तरची नक्कल केली, तर दुसऱ्या दिशी मास्तरच घरी येऊन सांगून गेला का याले पाठवू नका. तवापासून नकलाच केल्या. पाटलाची, तलाठ्याची, कंडक्टरची. एक डाव बैलाची केली तर बैलानं शिंग मारलं. गावात म्हणत का बैलालेच तेवढी अक्कल होती.

साहेबाच्या बैठकीत भिंतीवर एक पितळी बिल्ला टांगेल होता. मी गेलो का पयले त्याले हात जोडो. मले वाटे सरकारनं जजाले देल्लं मेडल असन. दोन-तीन महिने जोडले असन हात, मंग साहेबानं इचारलं, "हे काय करतं तू?" सांगतलं, तर साहेब हासले. म्हणे, "माह्या बापाचा हाये तो. बाप कोर्टात पट्टेवाला होता. छातीवरच्या पट्ट्याले हा बिल्ला लावे."

मले वाटलं आता मेलो, पट्टेवाल्याच्या बिल्ल्याले पाया पडत होतो हे साहेबानं गावभर सांगतलं तर. पन साहेब म्हणे, "तू बरोबर करत होता. मीबी जोडतो."

मंग त्याईनं सांगतलं ते आयकून माह्या हातातली मेथीची जुडी हातातच राह्यली. साहेब जलमले तवा इंग्रजाचं राज होतं. कोर्टात वर राजाचा फोटो, अन दाराबाहेर साहेबाचा बाप उभा. काम काय, तर पुकारा कराचा. आत मुन्सफानं नाव काहाडलं का बापानं बाहेर येऊन तीनदा वरडाचं, "अमका अमका, हाजिर होऽऽ!" तीनदा वरडून मानूस नाही आला तर त्याचा दावा गेला. साहेबाचा बाप घाई करे नाही. पयला पुकारा व्हरांड्यात. दुसरा निंबाच्या झाडाखाली. अन तिसऱ्या पुकाऱ्याले तो पार चहाच्या दुकानापर्यंत चालत जाये. मुन्सफ आतून खेकसे का एवढा येळ कायले लागते. बाप म्हणे, "हुजूर, मानूस दुरून चालत येते. त्याले आवाज तरी पुरला पाह्यजे."

त्या पट्टेवाल्याचं पोरगं सुट्टीत कोर्टासमोरच्या अर्ज लिवनाऱ्याजोळ बसे अन नकला लिवे. माह्यासारख्या नाही, कागदाच्या. ते लिवता लिवता कायदा शिकलं. नागपूरले गेलं, वकील झालं. वाशीमले वकिली केली, मंग जज, मंग जिल्ह्याचे जज, अन मंग हायकोर्ट. हायकोर्टात पयल्या दिवशी साहेब खुर्चीवर बसले तवा बापाले संग नेलं होतं. त्याले मांगच्या बाकावर बसवलं, तर तो बसला नाही. सवयीनं दारातच उभा राह्यला. अन आतून नाव काहाडलं का बुढ्याचे ओठ हालत. आवाज नाही, नुसते ओठ.

मी घरी येऊन आरशासमोर तो ओठ हालवनारा बाप करून पाह्यला. आजवर मले कोनीबी करता आलं, बैलसुद्धा. तो नाही आला. तीन दिवस करून पाह्यलं. घरची म्हणे, "दात दुखून राह्यले का?"

"साहेब, अपील म्हंजे काय असते?" मी एकदा इचारलं.

"हरलेला मानूस येते अन म्हणते, एक डाव परत पाहा. ते अपील."

"म्हंजे तुमी जिंदगीभर हरलेल्या लोकायचंच आयकलं?"

"बहुतेक."

"मंग आपलं जमनच," म्हणलं.

पन साहेब म्हणे का अपिलात मानूस दिसत नाही. मानूस खालच्या कोर्टात बोलून गेलेला असते. वर येते ते कागद. रडला का हासला, मान खाली होती का वर, काही नाही, नुसते कागद. एका गड्याले खुनात जलमठेप झाली होती. फाईल हातभर जाड. साहेबानं ते तीनदा वाचली. एका साक्षीदारानं सांगतलं होतं का मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसेल होतो, अन मले तुरीच्या पल्याड हा गडी दिसला. सगळ्यायनं ते मानलं. साहेब वाचत गेले, वाचत गेले, अन पंचनाम्यात कोपऱ्यात एक ओळ सापडली: वावरात तूर उभी, डोक्याइतकी. साहेबानं भर कोर्टात दोन्ही वकिलाईले इचारलं, "डोक्याइतक्या तुरीच्या पल्याडचं बसल्या जाग्यावरून कसं दिसते?" दोन्ही वकील शहरातले. एकमेकाकडं पाहत राह्यले.

तो गडी सुटला.

"मंग तो भेटाले आला असन तुमाले?" मी म्हणलं. "मी असतो तर गाडीभर वांगे घेऊन आलो असतो."

"कायले येईन? त्याले माहं नाव बी माहीत नसन. अन तो आज रस्त्यात समोर आला तरी मी त्याले ओयखनार नाही. मी त्याचं तोंड पाह्यलंच नाही."

एका ओळीनं एक मानूस जेलातून घरी आनला, अन त्याचं तोंड पाह्यलं नाही. मी तर बजारात पावशेर भेंडी इकली तरी गिऱ्हाइकाले दोन गोष्टी ऐकवल्याबिगर सोडत नाही. त्या दिवशी रस्त्यानं चालताना जो दिसे त्याच्या तोंडाकडं पाहत गेलो, का हाच तर नसन. एका बाईनं शिव्या देल्ल्या.

आता माह्यावर येतो. तिथी काही असं मोठं नाही.

मले एक मोठा भाऊ हाये. त्याले मी दादा म्हणतो. बापानं वावर वाटून देल्लं तवा इहीर दादाच्या हिश्शात गेली, पन पानी दोघाईचं अर्धं अर्धं. कागद नाही, बापाचा शब्द. पान्याची बारी बजाराच्या दिवशी बदले. एक हप्ता त्याची, एक हप्ता माही. बजाराचा दिवस कोनी इसरत नाही, म्हून बापानं तसं ठेवलं होतं. मंग एका बजाराच्या दिवशी मी मोटर चालू कराले गेलो तर पेटीले कुलूप. दादा समोरच उभा. म्हणलं, "काहून?" तो काही बोलला नाही. त्याच्यानंतर तीन साल बोलला नाही.

पानी नसलं का बागाईत म्हंजे नुसती माती. घरची हापशीवरून घागरी आने, अन मी एकएका झाडाले तांब्यानं पानी देओ, जसं आजारी मानसाच्या तोंडात घालते. पाच वाफ्याचे दोन राह्यले. मंग मी दावा टाकला. अन हरलो.

लोकाईले मी सांगो का नशीब. खरं असं होतं का साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं, समोर दहा-वीस लोकं बसेल दिसले, अन माह्यातला सोंगाड्या जागा झाला. समोरच्या वकिलानं इचारलं, "बारी कोणत्या तारखेपासून होती?" मी म्हणलो, "वकीलसाहेब, बायको माहेरी जाऊन किती दिवस झाले हेच मले ध्यानात राहत नाही, तर बारीची तारीख कुठून राह्यन?" सगळं कोर्ट हासलं. शिपाईसुद्धा हासला. मी दोन गोष्टी अजून ठोकल्या. घरी येऊन घरचीले सांगतलं का आज कोर्ट गाजवलं. निकाल लागला तवा ते म्हणे, "हासू तुह्यं झालं अन पानी तुह्या भावाचं."

वकील म्हणे, घाबरू नको, वाशीमले अपील करू. मुदत महिन्याची. मले तर आनंद झाला. अपिलाचा जज तर आपल्या ओयखीचा, मीच त्याले वांगे शिकवून राह्यलो! कागदायच्या नकला घेतल्या, घरचीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधल्या, अन सकायीच साहेबाच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"साहेब, पाहा बरं, जिंकतो का नाही."

"मी आता जज नाही," साहेब म्हणे. "कोनाच्या दाव्यावर मी मत देत नाही. वकिलाले इचार."

"साहेब, मी तुमाले वांगे शिकवले."

"अजून आले कुठी?" म्हणे.

हे खरं होतं. त्या सालीबी आले नव्हते.

पन त्याईनं चष्मा लावला अन माही साक्ष काहाडली. "हे तुह्यं बोलनं हाये ना? मोठ्यानं वाचतो." मी नीट मांडी घालून बसलो, आपला गाजलेला डायलॉग आयकाले. साहेबानं वाचलं: "मला पाण्याच्या पाळीबद्दल निश्चित सांगता येणार नाही."

"अन पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच हाये."

"बायको माहेरी गेली ते? लोकं हासले ते?"

"हासू लिवत नाहीत," साहेब म्हणे. "वरच्या कोर्टात हेच जाईन. एवढंच."

मी एवढासा झालो. साहेबानं कागद खाली ठेवले. मंग म्हणे, "मत देत नाही, पन मी कसं काम करो ते सांगतो. निकाल लिवाच्या आंधी, जो मले हरनार वाटे, त्याची बाजू मी माह्या हातानं लिवून काहाडो. अशी, का त्यानं वाचली तर तो म्हणला पाह्यजे, हो, मले हेच म्हणाचं होतं. तसं झाल्याबिगर मी निकालाचा कागद समोर घेतला नाही. कधी कधी लिवता लिवता माहंच मत फिरे. आता तू तुह्या भावाची बाजू सांग. तो अथी बसेल हाये असं समज."

"दादाची नक्कल? साहेब, ते तर माह्या डाव्या हातचा मळ!"

मी उठलो. दादासारखा खांद्यातून वाकलो, मान तिरपी केली, डाव्या हाताचे दोन बोटं दुमडले.

"बोटं कायले दुमडले?" साहेबानं इचारलं.

"दादाले नाहीत ते दोन."

"कशानं गेले?"

"इहीर खोल करताना. सुरुंग लावला होता, त्यात."

"तू कुठी होता?"

"गमतीसंग. गावोगावी खेळ चालू होते. इहीर आटली होती तवा."

"अन तुह्यं वावर? तुह्या बारीचं पानी?"

मी हासून टाकाले गेलो. हासू आलं नाही. म्हणलं, "दादाच दे. माह्याच वांग्याले."

साहेब म्हणे, "मी नाही इचारत आता. भावाच्या तोंडानं बोल."

मंग मी बोललो. दादाचा आवाज मले चांगला येते, जाड, थांबत थांबत. "हे पाहा जजसाहेब. बापानं पानी अर्धं देल्लं, मी नाही म्हणत नाही. इहीर आटली, मी खोल केली. बोटं गेले, त्याचं काही नाही, इहीर खोल कराची तर काही ना काही जाते. हा दोन उन्हाये तोंडाले रंग लावून फिरला. मी एका हातानं याचे वांगे जगवले. त्याचंबी काही नाही, भाऊ व्हय. पन..."

इथी माही नजर दुमडेल बोटाकडं गेली.

"पन पोयाच्या दिवशी आपल्या गावात याच्या टोळीची गम्मत झाली. मी मांगं उभा होतो. अन यानं माही नक्कल केली. हे अशे दोन बोटं दुमडून. मोटरीची कळ दाबाले जाते अन हात घसरते, पुन्हा दाबते, पुन्हा घसरते. सगळं गाव पोट धरून हासलं. पुढच्या बजाराच्या दिवशी मी कुलूप लावलं."

हे मी वकिलाले सांगतलं नव्हतं. घरचीले माहीत असन, पन आमी कधी बोललो नव्हतो. माह्या दाव्यात लिवेल होतं: 'प्रतिवादीने कोणतेही कारण नसताना पाणी बंद केले.' त्याच्याखाली माहा अंगठा.

मले वाटलं आता साहेब सुनावते. एवढ्या मोठ्या कोर्टात बसेल मानूस, सगळं त्याच्या हातात आलं होतं, एक वाक्य म्हणला असता तरी मी त्याच्या पायावर पडलो असतो. साहेबानं कागद फडक्यात परत बांधले, गाठ मारली, माह्यासमोर ठेवले. म्हणे, "चहा घेतं?"

मी चहा घेतला. पुरी जिंदगी निकाल देल्लेल्या मानसानं माह्यासमोर निकाल देल्ला नाही. लोकं म्हणते साहेबाचे निकाल मोठे होते. मी त्यातला एकबी वाचला नाही, वाचताच येत नाही. मी त्यायचा न देल्लेला निकाल पाह्यला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी वकिलानं वाशीमले बोलावलं होतं. सकायी फडकं काखेत मारून एस.टी. स्टँडवर उभा राह्यलो. बस आली. कंडक्टर म्हणे, "चढतं का नक्कल करतं?" मी बाजूले झालो. बस गेली. मी दादाच्या वावराकडं निघालो.

दादा इहिरीजोळ पान्याचा दांड नीट करत होता, फावडं घेऊन. मी आपल्या धुऱ्यावरच उभा राह्यलो. जाऊन काय म्हणाचं? तीन साल बोलेल नाही. मले तर सोंग घेतल्याबिगर तोंड उघडता येत नाही. मंग एकाएकी साहेबाचा बाप आठवला. छाती पुढं काहाडली, हात तोंडाजोळ नेला, अन माह्याच नावानं पुकारा केला. माहं नाव, बापाचं नाव, सगळं घेऊन, "हाजिर होऽऽ!"

दादानं मान वर केली नाही.

बाभयीखाली गेलो. दुसरा पुकारा. शेजारच्या वावरातल्या निंदनाऱ्या बाया उभ्या राहून पाहाले लागल्या. तिसऱ्याले चालत चालत पार इहिरीपर्यंत आलो. घसा फुटला होता. "हाजिर होऽऽ!"

"अर्जदार गैरहाजर हाये," दादा फावड्याकडं पाहत म्हणला. "तीन सालापासून."

मले रडू अन हासू संगच आलं. माहा दादा गंमत करू शकते हे मले पन्नास साल माहीत नव्हतं.

"आज आला," म्हणलं. "अन तुह्यं म्हणनं सांगाले आला."

मी हात मांगं बांधले, म्हंजे बोटं दुमडाची इच्छाच नको. आवाजबी त्याचा नाही काहाडला, माहाच ठेवला. साहेबासमोर जे बोललो ते सगळं बोललो. इहीर, सुरुंग, दोन उन्हाये, वांगे, पोयाचा दिवस. दादा फावड्यावर हनवटी टेकवून आयकत होता.

"झालं?" तो म्हणे.

"झालं."

"एक राह्यलं."

"काय?"

"गाव हासलं, हासू दे. माही पोट्टी माह्याजोळच उभी होती. तेबी हासली. मंग तिनं माह्याकडं पाह्यलं अन तोंडावर हात ठेवला. तवापासून ते मले जेवाले वाढते तर माह्या हाताकडं पाहत नाही."

मी इहिरीच्या काठावर बसलो. दादाबी बसला, जरा दूर. बाया पुन्हा निंदाले लागल्या. मंग दादा म्हणे, "वाशीमले नाही गेला?"

"बस हुकली."

"खोटं बोलतं." मंग उठला, मातीचा हात पायजम्याले पुसला. "बजाराच्या दिवशी बारी बदलते. ध्यानात हाये, का कोर्टात सांगतलं तसं निश्चित सांगता येत नाही?"

"ध्यानात हाये, दादा."

पुतनीजोळ मी त्याच सांजेले गेलो. ते माहं अन तिचं हाये, ते नाही लिवत.

बजाराच्या दिवशी वांग्याले पानी देऊन झालं अन मी साहेबाकडं गेलो. साहेबानं कोन जिंकलं इचारलं नाही. अपिलाचं काय झालं इचारलं नाही. म्हणे, "ऐकलं का तुह्या भावानं? हो म्हणला?"

"म्हणला, एक राह्यलं."

"काय राह्यलं होतं?"

सांगतलं. साहेबानं चष्मा काहाडला. "हे रेकॉर्डवर आलंच नसतं," म्हणे. "कितीबी वरच्या कोर्टात गेला असता तरी." मंग, जसं स्वतःलेच, "माह्या हातून गेलेल्या कागदाईत असं काय काय राह्यलं असन, बापा."

खाली पाह्यलं, तर साहेबानं नवे रोपं लावले होते. पुन्हा मुठीमुठीवर. मी उकिडवा बसलो, अन एक सोडून एक उपटाले लागलो. साहेब समोर बसले, दोन्ही हात पुढं केले, अन एकएक रोप माह्याकडून घेत गेले.